यादीतलं अकरावं कलम

माझं पोट दिसायला लागलं तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायकांना बोलायला एवढं पुरेसं होतं.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला ते वर्ष. मी तेवीस वर्षांची होते आणि हिंगोलीत एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे जागा निघणार, या आशेवर आसपासच्या तांड्यांवरची, वस्त्यांवरची पोरंपोरी सकाळी सहाला मशीन बडवायला हजर व्हायची. मी त्यांच्या मागे उभी राहून चुकलेल्या बोटांवर फूटपट्टी मारायची. त्या वर्षी मला उभं राहूनच दम लागायला लागला. झोपेत घाम येऊन उशी भिजायची, चार घास खाल्ले की पोट तुडुंब व्हायचं, आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक हाताला लागायचं.

मायनं एक दिवस दार लोटून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, कोण हाय त्यो?" मला इतकं हसू आलं की तिनं माझ्या थोबाडीत दिली. मग ती रडली, मग मीही रडले. तिला पटलं, पण गल्लीला कोण पटवणार?

वसमतची मावशी म्हणाली, पानथरी वाढली आहे, डाग द्यायला पाहिजे. मी शिकलेली. बाबा एसटीत कंडक्टर, विहारात दर रविवारी अंधश्रद्धेवर बोलणारे. आणि तरी मी मावशीच्या घरी गुमान पालथी मूठ तोंडात घालून झोपले आणि तापलेल्या विळ्याचे दोन डाग पोटावर घेतले. घाबरले होते, दुसरं काय. ते डाग अजून आहेत. गंमत म्हणजे मावशीचं निदान चुकलेलं नव्हतं. पानथरीच, म्हणजे प्लीहाच, वाढली होती. ती कशानं वाढली, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

ते रक्ताच्या तपासणीत निघालं. लॅबवाल्यानं दोनदा सुई टोचली, कारण पहिल्या वेळी पांढऱ्या पेशींचा आकडा बघून त्याला आपलंच मशीन बिघडल्यासारखं वाटलं. तिथून नांदेड, नांदेडहून औरंगाबाद. औरंगाबादचे डॉक्टर कमी बोलणारे होते. म्हणाले, "रक्ताचा कर्करोग आहे. पण सावकाश चालणारा."

"सावकाश म्हणजे किती?" मी विचारलं.

"चार-पाच वर्षं. काहींना जास्तही मिळतात."

धाकट्या-थोरल्याच्या हाडातला मगज घालायचा एक उपाय होता, पण भावाचा माझ्याशी जुळला नाही, म्हणून तो मार्ग बंद झाला. उरल्या रोजच्या कॅप्सूल. बाबांनी खालमानेनं लग्नाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "लग्नाचं तुम्ही ठरवा. मूल मात्र होऊ देऊ नका." मी लगेच "का?" म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. औषध बाळाला अपाय करतं आणि औषध सोडलं तर आजार मला, असं त्यांनी समजावलं.

मला मूल हवं होतं. हे सरळ सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी त्याची वेगवेगळी कारणं लावली. वंशाला दिवा हवा, सासूला नातू हवा, नवऱ्याला बांधून ठेवायचं आहे. तसं काही नव्हतं. गल्लीनं माझ्या पोटात नसलेलं पोर बघितलं होतं. मला असलेलं हवं होतं. आणि कुणीतरी "चार-पाच वर्षं" म्हणून माझ्या आयुष्याचं माप घेतलेलं मला सहन होत नव्हतं. रागच होता तो. त्या रागावर मी पुष्कळ दिवस काढले.

कॅप्सूलनं पोट थोडं आत गेलं, चेहऱ्यावर रया आली. तसं बाबांनी स्थळ बघायला काढलं. त्यांचं गणित साधं होतं: आत्ता पोरगी बरी दिसते, लग्न उरकून घ्या, आजार नंतर निघाला म्हणून सांगता येईल. मी नाही म्हटलं तर म्हणाले, "तुझ्यासाठीच करून राहिलो ना मी?" ते खरंच माझ्यासाठी करत होते, म्हणून त्यांच्याशी भांडणं जास्त अवघड होतं. बघायला आलेल्या मुलाला एकटं गाठून सांगावं म्हटलं, तर एक मिनिट कुणी एकटं सोडत नव्हतं. चिठ्ठी लिहिली, ती मायनं चुलीत घातली.

जवळा बाजारचं स्थळ आलं. मुलगा वायरमन. बघण्याच्या वेळी त्यानं माझं शिक्षण विचारलं, टायपिंगचा वेग विचारला, आणि "लई फास्ट हाय" म्हणून गप्प बसला. मध्यस्थानं दोन्हीकडचं बोलणं जुळवलं आणि बैठकीचा दिवस ठरला.

आमच्याकडे लग्न खरं ठरतं ते बैठकीत, यादी झाल्यावर. दोन्हीकडची मोठी माणसं समोरासमोर बसतात. लग्न कुठं, जेवण कुणाकडे, कपडे कुणाचे, भांडी कोणती, सगळं कागदावर उतरतं. त्या कागदावर दोन्हीकडच्या पाच-पाच जणांच्या सह्या होतात. तो मोठ्यानं वाचला जातो आणि मग त्यातून कुणाला हलता येत नाही. पूर्वी हे हातानं लिहीत. मी टायपिंग शिकवायला लागल्यापासून आमच्या भागात टाइप केलेल्या यादीची टूम निघाली होती. वर बुद्धाचं नाव, खाली आकडे घातलेली कलमं, दोन प्रती. कितीतरी लोकांच्या याद्या मी केल्या होत्या. त्यामुळे बाबा मोठ्या हौसेनं म्हणाले, "आपली बी तूच कर. मध्यस्थानं सांगितलंय तसं घाल, रिकाम्या जागा बैठकीत भरू."

मध्यस्थानं सांगितलेली दहा कलमं होती. मी इन्स्टिट्यूटमध्ये बसून कार्बन घातला, दहा कलमं टाइप केली आणि थांबले. बाहेर पोरं खोळंबली होती. मग मी अकरावं टाइप केलं. "मुलीला रक्ताचा कर्करोग आहे. रोज औषध चालू आहे. मूल होऊ देऊ नये असे डॉक्टरांचे मत आहे. हे वरपक्षास मान्य आहे." बोट एकदाही चुकलं नाही.

घडी करून कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो न उघडता खिशात ठेवला. लेकीच्या कामावर त्यांचा केवढा विश्वास, आणि मी त्याचाच फायदा घेतला. याचं मला आजही वाईट वाटतं. पश्चात्ताप मात्र नाही.

बैठकीत पुरुष बाहेरच्या खोलीत, बाया आत. यादी वाचायचा मान आमच्या थोरल्या चुलत्यांचा. ते निवृत्त मास्तर, वाचायला लागले की वर्गात धडा वाचल्यासारखं एका सुरात वाचत सुटायचे, अर्थाकडे लक्ष नंतर. एक, दोन, तीन. आत मी चहाच्या कपांना धरून उभी. दहावं कलम झालं आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात ते म्हणाले, "कलम अकरा. मुलीला रक्ताचा कर्करोग आहे." पुढचं वाक्यही त्यांनी अर्धं वाचलं. मग सूर तुटला.

बाबा दारात आले, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. इतकी वर्षं गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस, मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

मुलाची आई आतच होती, माझ्यापासून दोन हातांवर. उंच, काटक बाई, कापूस वेचून हाताची बोटं खरबरीत झालेली. तिनं मला विचारलं, "लेकरू व्हईल का न्हाई, एवढं सांग."

"डॉक्टर न्हाई म्हणतात," मी म्हणाले. "मी व्हय म्हणते."

बाहेर मुलाचा बाप उठायला लागला होता. तेवढ्यात मुलाचा आवाज आला, शांत, जरा घोगरा. "मी रोज पोलवर चढतो. मागच्या साली आमच्यातला एक जण तारेला चिकटला. ते यादीत काहून लिवलं न्हाई?" बाप म्हणाला, "तू गप." तो म्हणाला, "गपच हाय. बारावं कलम घाला म्हणून राहिलो. मुलगा पोलवर चढतो, हे वधूपक्षास मान्य आहे."

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पाहुणे न जेवता गेले, शिजवलेलं मटण गल्लीत वाटावं लागलं, आणि गल्लीला जेवणाबरोबर बातमीही मिळाली. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. दहा-बारा दिवसांनी तो मुलगा इन्स्टिट्यूटमध्ये आला. यादीची प्रत घेऊन. अकराच्या खाली त्यानं गिचमीड अक्षरात बारावं लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली त्याच्या बापाची सही होती. "आईनं करायला लावली," तो म्हणाला. "आता टाइप तुमीच करा, माझं अक्षर कुणाला लागत न्हाई."

लग्न विहारात झालं. बाबांनी मला निरोप देताना एवढंच म्हटलं, "पुढचं सगळं बी असंच मोठ्यानं वाचून करत जा." ते रागानं म्हणाले की मायेनं, हे मला कळलं नाही. मी दोन्ही धरलं.

जवळा बाजारला मी घराच्या पुढच्या खोलीत दोन जुनी मशीन टाकून क्लास सुरू केला. दीड वर्ष कॅप्सूलवर गेलं. आकडा वरखाली व्हायचा. मग औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवी गोळी आली आहे, बिघडलेल्या पेशीवरच काम करते, आणि गरजूंना ती फुकट मिळण्याची सोय आहे. सगळे दाखले, प्रतिज्ञापत्रं मीच टाइप केली. गोळीनं सुरुवातीला जीव नकोसा केला. उलट्या, पायात गोळे, सकाळी डोळे सुजून बंद. पण आठ-नऊ महिन्यांत पानथरी आत गेली आणि पोट सपाट झालं.

लग्नाआधी पोट दिसतं म्हणून बायका बोलायच्या, आता पोट दिसत नाही म्हणून बोलायला लागल्या. त्या हिंगोलीच्या आणि ह्या जवळ्याच्या, एवढाच काय तो फरक. सासूबाई सुरुवातीला दोन-तीन वेळा कुणाकुणाच्या नातवंडांची नावं घेऊन उसासे टाकत. मी म्हणायची, "मामी, माझ्याकडं बघून उसासा टाका, भिंतीकडं काहून?" मग त्यांनी ते सोडलं.

गोळीला दोन वर्षं झाली, तपासणीत आजाराचा मागमूस दिसेना. तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, "आता गोळी थांबवायची. मला मूल हवंय." माझं वय तीस होत आलं होतं.

ते म्हणाले, "आजार गेलेला नाही, दबलाय. गोळी थांबवली की उठेल. गरोदरपणात उठला तर इंजेक्शन देता येतं, ते गोळीइतकं चांगलं नाही. पुन्हा गोळी सुरू केल्यावर ती पहिल्यासारखी लागू पडेलच, हे मी लिहून देणार नाही."

"लिहून मागत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. पण तुम्ही करणारच असाल तर माझ्यापासून लपवून करू नका." मला तेवढं बस होतं.

मला वाटलं, घरी आनंद होईल. घरी सगळे उलटले. नवरा म्हणाला, "मला लेकरू नको, तू पायजे." सासूबाई, ज्यांच्या उसाशांनी भिंती ओल्या झाल्या होत्या, त्या तर जेवायच्याच थांबल्या. म्हणाल्या, "भाच्याचं पोरगं घेऊ दत्तक. तुला काय कमी केलं आमी?" परक्यांशी भांडणं मला येत होतं. माझा जीव वाचावा म्हणून रडणाऱ्यांशी कसं भांडायचं, हे माहीत नव्हतं. महिनाभर घरात मशीनच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता.

एक दिवस जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "तुमी पोलवर चढू नका म्हणून मी कधी अडवलं का?"

"ते पोटासाठी हाय."

"हे बी पोटासाठीच हाय," मी म्हणाले. त्याला हसू आलं, मग त्यानं ताट सरकवलं आणि डोळे पुसले. मी त्याला सांगितलं की मी मरायला निघालेली नाही. पण कुणी मला फक्त जपून ठेवावं, उंच फळीवरच्या काचेच्या बरणीसारखं, हे मला जमणार नाही. मला वापरात यायचं आहे. तो म्हणाला, "दर पंधरा दिवसाला रक्त तपासायचं. मी घेऊन जाणार. कंटाळा केलास तर मी बी ऐकणार न्हाई." असं ठरलं. सासूबाईंना त्यानं काय सांगितलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर ज्वारीची गरम भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "खा. आता दोघांचं खायची सवय लाव."

गोळी थांबवून तिचा अंश अंगातून उतरेपर्यंत काही महिने सोडले, आणि मग दिवस राहिले. पाचव्या महिन्यापर्यंत रक्त ठीक होतं. मग आकडा चढायला लागला. आठवड्यातून तीन इंजेक्शनं, प्रत्येक इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप. इंजेक्शनं थंड ठेवावी लागत आणि त्या वर्षांत आमच्याकडे दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. वायरमनच्याच घरात अंधार, याचं गावाला फार समाधान होतं. शेवटी पलीकडच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं लसीच्या फ्रिजमध्ये माझा डबा ठेवून घेतला. म्हणाली, "पोलिओच्या शेजारी ठेवलाय, भांडण न्हाई होणार." तिच्याकडून सुई टोचून घ्यायला मी सातव्या महिन्यातही काळीपिवळी जीपमध्ये, बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये अंग चोरून जायची. लोक जागा द्यायचे. पोट बघून द्यायचे. ते मला फार आवडायचं.

पोरगी नांदेडला झाली. अडीच किलोला जरा कमी, आवाज मात्र माझा. माझ्या रक्तातला आकडा तोवर पुन्हा लाखाच्या वर गेला होता, आणि पानथरी हाताला लागत होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "दोन दिवस अंगावर पाजा. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी सुरू. त्यानंतर दूध नाही द्यायचं, औषध दुधात उतरतं."

दोन दिवस मी तिला खाली ठेवलंच नाही. ती ओढायची तेव्हा टाचेपर्यंत कळ जायची आणि मला वाटायचं, ह्यासाठीच तर केलं सगळं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा गोळी तळहातावर घेऊन उभा राहिला. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. मी म्हणाले, "उद्या घेते." त्यानं नुसती मान हलवली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "तू म्हणशील तसं, पोरी." त्या वेळी कुणीतरी माझ्यावर खेकसायला हवं होतं. घे म्हणून दरडावलं असतं तर मी नक्की घेतली नसती, एवढी मी मला ओळखते. पण माझ्याशी भांडायला तिथं कुणीच नव्हतं. आजवर मी सगळ्यांना म्हटलं होतं की माझं मी ठरवणार. आता खरंच माझं मलाच ठरवायचं होतं. पोरीनं तोंड फिरवून फिरवून माझा पदर शोधायला सुरुवात केली होती. इतक्या वर्षांत त्या आजाराला मी आपणहून काही दिलं नव्हतं.

मी तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. गोळी जिभेवर ठेवली आणि पेलाभर पाणी प्यायले.

ती दुपारपर्यंत रडली. माझं पोलकं दोन्हीकडून भिजलं. मी रडत रडतच डब्यातलं दूध वाटीत कालवलं आणि चमच्यानं तिच्या ओठाला लावलं. अर्धं सांडलं, अर्धं तिनं चाटलं. शेजारच्या खाटेवरची बाई मघापासून बघत होती. तिला राहवेना. म्हणाली, "पान्हा तर फुटलाय की तुला. मग लेकराला काहून पाजीनास गं? अशी कशी माय तू?"

"मला अजून वीस वर्षं हिच्याशी भांडायचंय," मी म्हणाले आणि चमचा पुन्हा भरला.